वारा, ऊन आणि मागून घेतलेली वीज

खडकावर खांब रोवून उभी असलेली ही चंदेरी वास्तू म्हणजे बेल्जियमचा ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ तळ. अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँडमध्ये, समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत. २००९ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला, तो वाऱ्यावर आणि उन्हावर चालण्यासाठीच.

अंटार्क्टिकात डिझेल जहाजानं आणायचं आणि पुढे बर्फावरून ओढत न्यायचं. इंधन पोचवण्यासाठीच इंधन जाळायचं! सांडलं, तर त्या थंडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. आपला ‘मैत्री’ तळही याच क्वीन मॉड लँडमध्ये आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो आणि त्याची भिस्त डिझेल जनरेटरवर. म्हणून ही गोष्ट मला परक्यांची वाटत नाही.

त्या नऊ पवनचक्क्या पाहा. तिथला वारा त्यांना फिरवतो. वादळ उठलं की पाती मागे झुकतात आणि स्वतःचा वेग आवरतात. हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, तळावर माणूसही नसतो. तेव्हा उपकरणांना जागं ठेवतो तो हाच वारा.

उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, क्षितिजाच्या कडेकडेनं फिरत राहतो. त्यामुळे पॅनेल नुसती छपरावर ठेवून भागत नाही, ती भिंतींवरही लावली आहेत. बर्फावरून परतणारा उजेड त्यांना मिळतो आणि थंडीत ती अधिक चांगलं काम करतात. बॅटऱ्यांना मात्र थंडी सोसत नाही. त्यांची खोली तळाच्या पोटात आहे, भोवती माणसांच्या खोल्या.

खरी कमाल मला वाटते ती वाटपाची. भारनियमन आपण सोसलंय. त्यात अख्खा भाग अंधारात जातो. या तळावर ज्याला वीज हवी, त्यानं ती आधी मागायची. वारा किती, ऊन किती, बॅटरीत किती शिल्लक, हे संगणक पाहतो. सुरक्षेची यंत्रणा पहिली, संशोधनाची उपकरणं त्यानंतर, सुखसोयी शेवटी. कपडे धुवायचे असतील आणि वारा पडलेला असेल, तर थांबावं लागतं.

दोन डिझेल जनरेटर इथेही आहेत, अडीअडचणीसाठी. एरवी ते गप्प असतात.