स्पेनच्या मंडईत पहिला प्रश्न: शेवटचं कोण?

नमस्कार मंडळी!

व्हॅलेन्सियाची मंडई, सकाळचे साडेआठ. मासळीच्या गाळ्यासमोर सात-आठ माणसं आहेत, पण रांग कुठे दिसत नाही. एक आजी तर पलीकडच्या गाळ्यावर टोमॅटो बघतायत. आपण सरळ पुढे जाऊन उभे राहतो, आणि चुकतो. कारण रांग आहे, ती फक्त सगळ्यांच्या लक्षात असते. आल्या आल्या विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?" शेवटचं कोण? कुणीतरी म्हणतं, "यो". म्हणजे मी. ते माणूस लक्षात ठेवा, त्याच्यामागे तुमचा नंबर. काही गाळ्यांवर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र असतं, तिथे मुकाट्याने चिठ्ठी घ्या.

हा एक प्रश्न विचारलात की तुम्ही बघे राहत नाही, गिऱ्हाईक होता. आणि मला वाटतं, स्पेनची मंडई गिऱ्हाईक म्हणूनच बघावी.

[मंडईच्या घुमटाचं दृश्य]

हा बघा मेर्कात सेंत्राल, म्हणजे व्हॅलेन्सियाची हीच मध्यवर्ती मंडई. 1928 साली सुरू झालेली ही इमारत, लोखंड, काच आणि रंगीत फरशांची. घुमटावर पोपटाचं वातकुक्कुट आहे. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेठ, ला लोन्खा, युनेस्कोच्या यादीतली. फोटो जरूर काढा, पण गाळ्यावर काढण्याआधी विचारा. आणि फळाला हात लावू नका! आपल्याला आंबा दाबून बघायची सवय, तिथे निवडून देणं हे विक्रेत्याचं काम. "आज खायचंय" एवढं सांगा, तो पिकलेलं बघून देतो.

मापाची एक गंमत सांगते, मला ती फार आवडते. "क्वार्तो इ मिताद" असं माप तिथे ऐकू येतं. पाव किलो आणि त्याच्या निम्मं, म्हणजे 375 ग्रॅम. अहो, हा तर आपला दीड पाव!

आता घ्यायचं काय? पाएया हा भाताचा पदार्थ, म्हणजे या शहराच्या आसपासच्या शेतांतलं जेवण, आणि तिचं सगळं साहित्य इथे एका छपराखाली मिळतं. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, तिथल्या भातखाचरांतला तांदूळ. चपट्या हिरव्या शेंगा. आणि गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे. ते हातात घेतले तेव्हा मी थबकलेच, कारण आपली डबल बी याच जातीची! केशर डबीतून ग्रॅमवर विकतात. मासळीकडे जिवंत वाम दिसते, तीही त्या सरोवराकडची खासियत.

उकडत असेल तर ओर्चाता प्या. दुधासारखं दिसतं, पण दूध नाही. चुफा नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून करतात. हे कंद आपल्या नागरमोथ्याच्या कुळातले. शहराला लागून असलेल्या आल्बोराया गावात त्यांची शेती आहे.

बार्सिलोनाला जाणारे मला विचारतात, तिथली बोकेरिया ही मंडई कशी आहे? जागा सुंदरच आहे, पण गर्दी इतकी वाढली की 2015 साली पालिकेला शुक्रवार-शनिवारच्या सकाळी मोठ्या गटांना बंदी घालावी लागली. रोजची भाजी घ्यायला आलेल्या माणसाला वाटच मिळेना. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, आणि दारातल्या फळांच्या पेल्यांवर न थांबता आत शिरा. माद्रिदचं सान मिगेल मार्केट वेगळं, तिथे आता मुख्यतः उभ्याने खायचं, बाजारहाट नाही.

वेळेचं नीट ऐका. व्हॅलेन्सियाची ही मंडई दुपारी तीनच्या सुमारास बंद होते, रविवारी उघडतच नाही. आणि मासे खायचे असतील तर सोमवार टाळा. रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मासळीचे बरेच गाळे बंद असतात.

शाकाहारी मंडळींनो, "बेखेताल" (vegetal) लिहिलेलं सँडविच बघून लगेच खूश होऊ नका. त्यात बहुतेकदा टूना आणि अंडं असतं. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतुन" असं तिन्ही सांगा: मांस नको, हॅम नको, टूना नको. नुसतं मांस नको म्हटलं तर हॅम येऊ शकतं, त्यांच्या लेखी ते वेगळं. मांचेगो चीज, ऑलिव्ह, पाव आणि टोमॅटो यांवर पोट छान भरतं.

आणि दहाच्या सुमाराला खरेदी थांबवा. व्हॅलेन्सियात ही एस्मोर्झारेतची, म्हणजे सकाळच्या भरपेट नाश्त्याची वेळ. मंडईजवळच्या साध्या बारमध्ये बसा. आधी ऑलिव्ह आणि शेंगदाणे येतात, मग हातभर लांब पावात भरलेलं बटाट्याचं जाड ऑम्लेट. शेवटी क्रेमाएत मागवा: रम साखर, लिंबाची साल आणि दालचिनी घालून पेटवतात, आणि तिच्यावर कडक कॉफी ओततात. ग्लास काचेचा असतो, पिण्याआधी त्यातले थर बघून घ्या.