पोटातला जंतू औषधाला दाद देत नाही, तेव्हा पुढचा कोर्स कसा ठरतो?

नमस्कार. हेलिकोबॅक्टर पायलोरीसाठी दोन आठवडे गोळ्या घेतल्या आणि तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. अशा वेळी जुनी चिठ्ठी काढून तोच कोर्स पुन्हा सुरू करू नका.

पहिल्या कोर्समध्ये बरेचदा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. जंतूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारा जो रायबोसोम असतो, त्याला चिकटून हे औषध त्याचं काम बंद पाडतं. चिकटण्याच्या त्या जागी जनुकातलं एक अक्षर जरी बदललं, तरी औषधाची पकड सुटते. मग डोस वाढवून फारसं काही हाती लागत नाही. घशासाठी, खोकल्यासाठी पूर्वी घेतलेलं अझिथ्रोमायसिनही याच जागेवर काम करतं, म्हणजे दाद न देणारे जंतू तेव्हाच उरले असू शकतात. म्हणून डॉक्टरांना आजवर घेतलेली सगळी अँटिबायोटिक्स सांगा. लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन झालं असेल, तर त्याच गटातल्या लिव्होफ्लॉक्सासिनवरही भिस्त ठेवता येत नाही.

मेट्रोनिडॅझोलचं तसं नाही. तिथला प्रतिरोध पुरेसा डोस, पूर्ण दिवस आणि बिस्मथ या धातूच्या क्षाराची जोड यांनी बऱ्याच अंशी मोडता येतो. टेट्रासायक्लिनला तर हा जंतू क्वचितच प्रतिरोधक असतो. म्हणून दुसऱ्या खेपेला सहसा चार औषधं एकत्र देतात.

[पडद्यावर तक्ता]
आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून २ वेळा. बिस्मथ ४ वेळा. टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम ४ वेळा. मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम ३ ते ४ वेळा. एकूण १४ दिवस. हे डॉक्टरांच्याच देखरेखीखाली. गरोदरपणात आणि लहान मुलांना हा कोर्स देत नाहीत. यात पेनिसिलिन गटातलं काही नाही, त्यामुळे त्याची ॲलर्जी असली तरी चालतो.

कोर्स फसतो तो बहुधा घरीच. जळजळ थांबली म्हणून आम्लाची गोळी सोडतात. पण ती फक्त जळजळीसाठी नसते: आम्ल कमी झालं की जंतू वाढू लागतो, आणि वाढणाऱ्या जंतूवरच बरीच अँटिबायोटिक्स नीट काम करतात. ती जेवणाआधी अर्धा तास घ्या. टेट्रासायक्लिन दूध, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. किमान दोन तासांचं अंतर हवं. टेट्रासायक्लिन मिळालं नाही म्हणून परस्पर डॉक्सिसायक्लिन घेऊ नका, त्याचा गुण कमी येतो. मेट्रोनिडॅझोलने तोंड कडवट होतं, मळमळतं. दारू पूर्ण बंद. बिस्मथने जीभ आणि शौच काळं पडतं, त्याला घाबरू नका. मात्र शौच डांबरासारखं चिकट असेल, चक्कर येत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

कोर्स संपल्यावर किमान ४ आठवडे थांबा, आम्लाची गोळी चाचणीच्या २ आठवडे आधी बंद करा, मग युरिया श्वास चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी. रक्तातली अँटिबॉडी तपासून उपयोग नाही. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. याही वेळी जंतू सापडलाच, तर दुर्बिणीतून जठराचा तुकडा घेऊन कोणतं औषध त्याला लागू पडतं ते तपासायला सांगा आणि तिसरा कोर्स त्या अहवालावरूनच ठरवून घ्या.