सहा व्होल्टच्या मोटरला एल२९८एन कशाला?

नमस्कार मंडळी! पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड. रोबो कारसाठी पिवळ्या बीओ मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअर मोटर, मागितल्या की दुकानदार सोबत हा लाल बोर्ड पुढे सरकवतोच. काळा हीटसिंक, निळे स्क्रू टर्मिनल. एल२९८एन, म्हणजे मोटर ड्रायव्हर: कंट्रोलरच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा. बोर्ड वाईट नाही, पण या मोटरशी त्याचं जमत नाही. का, ते बघू.

आधी फ्रिक्वेन्सीचा विषय संपवून टाकू. मोटरचा स्पीड कमी करायला तिचा पुरवठा भराभर चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवर अ‍ॅनालॉगराइट वापरलं की बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर ४९० हर्ट्झ मिळतात, ५ आणि ६ नंबरवर ९८०. ड्रायव्हर चिपसाठी हे काहीच नाही. या लाल बोर्डवरची जुनी एल२९८ चिप सुद्धा २५ किलोहर्ट्झपर्यंत आरामात जाते. त्यामुळे डेटाशीटमध्ये '१०० किलोहर्ट्झ' वाचून हुरळून जाऊ नका, आपल्याला त्याचा उपयोग नाही. बघायचं ते हे, की चिप चालू असताना स्वतः किती व्होल्ट खाते.

एल२९८ मध्ये बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, आणि करंटच्या वाटेत एका वेळी दोन येतात. १ अँपिअरला दोघांचा मिळून ड्रॉप १.८ ते ३.२ व्होल्ट. आता तुमच्याकडे चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट. त्यातले दोन चिपनेच गिळले, मोटरला उरले चार. रिचार्जेबल सेल असतील तर मुळात ४.८ च, मग बोलायलाच नको. शिवाय या बोर्डवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला नीट चालायला साधारण ७ व्होल्ट लागतात. ६ दिले, की त्याच ५ व्होल्टवर जोडलेला उनो मोटर सुरू होताच रीसेट. आणि पोरं रात्रभर कोडमध्ये बग शोधत बसतात!

मॉस्फेटवाल्या, म्हणजे कमी व्होल्ट खाणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, चिप घ्या. टीबी६६१२ मध्ये वाटेतला रेझिस्टन्स सुमारे ०.५ ओहम, डीआरव्ही८८३३ मध्ये ०.३६. अर्ध्या अँपिअरला ड्रॉप पाव व्होल्ट किंवा त्याहून कमी. हीटसिंकची गरजच नाही.

मग दोघांतली कुठली? त्यासाठी मोटर जाम झाली की किती करंट ओढते ते हवं. कॅमेरा जरा जवळ घेतो. मीटर २०० ओहमला. प्रोब एकमेकांना टेकवले, ०.३ दाखवतोय, हा वायरचा, नंतर वजा करू. आता मोटरच्या टर्मिनलला. ७.१. चाक थोडं फिरवतो, थांबतो. ५.८. पुन्हा. ५.३. ब्रश कम्युटेटरवर कुठे टेकलेत त्यानुसार आकडा हलतो. चाक फिरत असताना वाचू नका, तेव्हा मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करते. सगळ्यात कमी आकडा घ्यायचा: ५.३ वजा ०.३, म्हणजे ५ ओहम. ६ भागिले ५, झाले १.२ अँपिअर.

"पण मी तर ड्यूटी २० टक्केच ठेवतो!" असं म्हणाल. ड्यूटी म्हणजे प्रत्येक सायकलमधला 'ऑन' वेळ. इथेच कमी फ्रिक्वेन्सी आडवी येते. ४९० हर्ट्झला एक सायकल साधारण २ मिलिसेकंदांची. एवढ्याशा कॉइलमध्ये करंट त्याच्या काही अंशातच वर चढतो. म्हणजे थांबलेली मोटर प्रत्येक पल्सला जवळजवळ पूर्ण १.२ ओढते, ड्यूटी कमी असली तरी. चिप निवडायची ती या आकड्यावर.

टीबी६६१२ चा सरासरी करंट १.२ अँपिअर, क्षणभरासाठी ३.२. डीआरव्ही८८३३ चा १.५, पण पीक २. एका चॅनलला, म्हणजे चिपच्या एका मोटर आउटपुटला, एक मोटर असेल तर दोन्ही चालतील. चार चाकांच्या गाडीत एका बाजूच्या दोन मोटर पॅरलल जोडल्या तर मात्र जाम झाल्यावर २.४ होतात. तिथे सरळ दोन बोर्ड घ्या.

माझा कल टीबी६६१२ कडे, आणि कारण वेगळं आहे. कमी स्पीडला मोटर नुसती गुणगुणते, चाक हलत नाही, हे अनुभवलं असेल. एल२९८एनवर एनेबल पिनला पीडब्ल्यूएम दिला की 'ऑफ'च्या वेळी मोटर मोकळी सुटते, करंट झटकन पडतो, म्हणून कमी ड्यूटीला जोर पुरत नाही. टीबी६६१२ मध्ये पीडब्ल्यूएम पिन लो झाली की मोटरची दोन्ही टोकं आपसात जोडली जातात. करंट फिरत राहतो, स्पीड ड्यूटीच्या प्रमाणात वाढतो. डीआरव्ही८८३३ वरही हे जमतं: एक इनपुट हाय ठेवा आणि दुसऱ्याला पीडब्ल्यूएम द्या. फक्त मग आकडा उलटा होतो, २५५ (म्हणजे पूर्ण ड्यूटीचा आकडा) वजा स्पीड.

व्होल्टेजची मर्यादाही बघा. डीआरव्ही८८३३ ला १०.८ च्या वर चालत नाही, त्यामुळे तीन लिथियम सेलचा पॅक, जो फुल चार्जला १२.६ असतो, त्यावर लावू नका. १२ व्होल्टची गिअर मोटर असेल तर एल२९८एन खुशाल वापरा, तिथे दोन व्होल्ट गेले तरी चालतात. नाहीतर डीआरव्ही८८७१, एका मोटरला एक, ६.५ ते ४५ व्होल्ट.

आणि बोर्ड आणल्यावर मोटर हललीच नाही, तर परत करायला धावू नका. टीबी६६१२ वर एसटीबीवाय, आणि डीआरव्ही८८३३ च्या स्वस्त बोर्डवर ईईपी लिहिलेली पिन शोधा. ती हाय नसेल तर चिप झोपलेली असते.