खडकवासला ते टिटिकाका : दोन काठ, तीन घड्याळं

[दृश्य : धरणाचं उतरलेलं पाणी, तडकलेला गाळ]

१३ मे. खडकवासल्याचं पाणी खाली गेलंय. उघड्या पडलेल्या गाळावर एक प्लायवूड ठेवलंय आणि त्यात एक मीटर उंचीची काठी उभी केलीय. घड्याळात बारा वाजलेत, तरी सावली अजून तेरा सेंटीमीटर आहे आणि पश्चिमेकडे पडलीय. म्हणजे सूर्य माथ्यावर यायचाच आहे. १२ वाजून ३१ मिनिटांनी तो येईल आणि सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होईल.

१९०६ पासून आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतं. खडकवासला आहे ७३.७७ अंशांवर. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणून इथला मध्यान्ह सरासरीनं ३५ मिनिटं उशिरा होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे मेच्या मध्यात त्यातली पावणेचार मिनिटं वजा होतात.

[दृश्य : ओळंबा, पाणसळ, फळीवरचं वर्तुळ]

हे मोजायला महागडं काही लागत नाही. फळी पाणसळीनं समपातळीत आणायची, काठी ओळंब्यानं सरळ करायची आणि बुडाभोवती पन्नास सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक आत येताना वर्तुळाला टेकतं, ती वेळ लिहायची. दुपारी बाहेर जाताना पुन्हा टेकतं, तीही लिहायची. आज या वेळा १०:३९ आणि २:२३ येतात. त्यांचा मध्य १२:३१.

चूक होते ती काठीत. पूर्व-पश्चिम दिशेला ती एक अंश कलली, तर मध्यान्हाची वेळ तीन-चार मिनिटांनी हुकते. सावलीचं टोक सेंटीमीटरभर धूसर असतं, तेव्हा दोन्ही वेळी धूसर पट्ट्याचा मध्यच धरायचा. सकाळी एक कडा आणि दुपारी दुसरी धरून चालत नाही. आणि वळवाचे ढग दुपारचं टेकणं हमखास खातात, म्हणून तीस आणि चाळीस सेंटीमीटरची वर्तुळंही आखून ठेवावीत. पुण्यातल्या प्रत्येक शाळेनं मे महिन्यात एकदा तरी हे करावंच. सुट्टी असली तरी मुलं येतात.

[दृश्य : रात्रीचं सरोवर, मग पहाट]

इथे साडेबारा झाले, तेव्हा टिटिकाकाच्या काठावर रात्र आहे. समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवरच्या या सरोवराच्या पश्चिम काठावर पेरूतलं पुनो, तिथे दोन वाजलेत. बोलिव्हियातल्या कोपाकबानात तीन. एकाच पाण्याच्या दोन काठांवर तासाचा फरक.

[दृश्य : तोतोरा कापणारे हात]

पुनोच्या उपसागरात उरो लोक तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या बेटांवर राहतात. पावसाळ्यात पाणी चढलं की मुळांचे सुमारे मीटरभर जाडीचे थर सुटून वर येतात. त्यांना ते खिली म्हणतात. करवतीनं त्यांचे ठोकळे पाडायचे, ठोकळ्यांत खुंट्या ठोकून ते दोरांनी एकमेकांना बांधायचे. त्यावर कापलेल्या तोतोराचे थर आडवे-उभे पसरायचे. खालचा तोतोरा कुजत जातो, म्हणून वर नवा टाकत राहावं लागतं. पावसात तर अधिकच. बेट वाहून जाऊ नये म्हणून तळात रोवलेल्या निलगिरीच्या खांबांना बांधलेलं असतं. तोतोराचा बुडाकडचा पांढरा भाग सोलून खातातही.

मेच्या मध्यात हे काम सूर्याबरोबर सहाच्या सुमारास सुरू होतं आणि सव्वापाचला थांबतं. कोपाकबानात मात्र सूर्य घड्याळात सव्वासहाला मावळतो. दिवसाची लांबी दोन्हीकडे जवळपास तीच. इकडे खडकवासला चौपाटीवर भाजलेल्या कणसांच्या गाड्यांचा धंदा सात वाजता, सूर्यास्ताला, रंगात येतो.

हीच काठी तिकडे उभी केली तर सूर्य उत्तरेकडे असल्यामुळे मध्यान्हाला सावली दक्षिणेला पडते, सुमारे ६९ सेंटीमीटर. पुनोत हा क्षण येतो ११:३६ ला, कोपाकबानात १२:३३ ला. घड्याळाप्रमाणे पाहिलं तर कोपाकबानाचा मध्यान्ह पुनोपेक्षा आपल्या खडकवासल्याशी जुळतो.

[दृश्य : कासानीची सीमा, बस]

तिकडे फोन लावायचा तर पुण्याच्या वेळेत पेरूसाठी दीड तास, बोलिव्हियासाठी अडीच तास मिळवायचे आणि सकाळची रात्र, दुपारची पहाट करायची. पुण्यात सोमवारी सकाळी सहा म्हणजे पुनोत रविवारी संध्याकाळचे साडेसात. गडबड होते ती वाराची. कासानीला पेरूतून बोलिव्हियात सीमा ओलांडताना मनगटावरचं घड्याळ पुढे केलं नाही, तर कोपाकबानाहून परतीची बस तासाभरानं चुकते.

सूर्य आणि घड्याळ यांच्यातल्या या फरकाची झळ आपल्याकडे पूर्वेला जास्त. आसामचे चहामळे एक तास पुढची वेळ पाळतात.

खडकवासल्यात सावली जुलैच्या शेवटी पुन्हा नाहीशी होते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. मोजायचं तर मेमध्येच. कोपाकबानात ती नाहीशी होईल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, घड्याळात १२:२० च्या सुमारास.