जिन्याखालचं इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी एक एमजीए आहे. हल्ली एमजीचा अष्टकोनी बिल्ला लावलेल्या मोठमोठ्या गाड्या रस्त्यावर दिसतात, म्हणून आधीच सांगते, ही त्याच नावाची जुनी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या तयार झाल्या. त्यातल्या बहुतेक निर्यात झाल्या, त्याही मुख्यतः अमेरिकेला, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या. उजव्या स्टिअरिंगच्या त्यामानाने थोड्या. त्यांतली एक साठच्या दशकात माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मायदेशी परतणाऱ्या एका कंपनी अधिकाऱ्याकडून घेतली आणि शेवटपर्यंत विकली नाही. गेली काही वर्षं मी ती मूळ रूपात आणते आहे.

आता मूळ रूप म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं? पुष्कळ जुन्या गाड्या मी प्रदर्शनांत पाहते. आरशासारखं क्रोम, जाड चामड्याच्या सीट, कारखान्याने कधी दिलाच नव्हता असा चमचमणारा रंग. त्या मालकांचा जीव त्या गाड्यांत असतो, हे मला दिसतं. तरी मला ते पटत नाही. गाडी कशी होती हे आपल्या आवडीने ठरत नाही, ते गाडीलाच विचारावं लागतं. आणि तिच्याकडे उत्तरं असतात. रंगाच्या थरांखाली, डॅशबोर्डच्या मागे, इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेल्या छोट्या पत्र्यावर.

आमच्या गाडीचं सगळ्यात मोठं उत्तर जिन्याखाली होतं. ऐंशीच्या दशकात तिचं इंजिन तापलं, आणि एका गॅरेजने 'इंजिन गेलं' असं सांगून त्याजागी अँबॅसेडरचं बसवलं. हे त्या काळी अनेकांनी केलं, कारण ते सहज बसायचं. अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि १९५९ पर्यंतच्या एमजीएचं इंजिन एकाच घराण्यातलं, ज्याला बी-सिरीज म्हणतात. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीच. फरक हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टमध्ये आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या एकाऐवजी दोन कार्ब्युरेटरमध्ये. त्या फरकातूनच एमजीएला सत्तरच्या आसपास अश्वशक्ती मिळते. अँबॅसेडरचं इंजिन बसल्यावर गाडी चालत होती, पण धावत नव्हती, असं अण्णा म्हणायचे.

पण काढलेलं मूळ इंजिन अण्णांनी भंगारात दिलं नाही. ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलं. दोन्ही कार्ब्युरेटर, डायनामो, जुने मीटर, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींनी ते गोणपाट सोडलं आणि इंजिनावर हात फिरवून म्हणाले, "ताई, हे तर आपलंच." त्यांचं सगळं शिक्षण अँबॅसेडरवर झालेलं. त्यांच्याकडे अजून सुती, म्हणजे इंचाच्या मापाचे, पाने आहेत. साडेतीन सूत, चार सूत, असं बोलतच ते काम करतात. मिलिमीटरचा पाना या गाडीच्या नटाला लावलात तर त्याचे कोपरे गेलेच म्हणून समजा.

इंजिन खोललं तेव्हा ब्लॉक धड निघाला. तडा होता तो हेडला, दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांमध्ये, जिथे तापल्यावर या इंजिनांना तो जातो. म्हणजे इंजिन गेलंच नव्हतं. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घातले, क्रँक ग्राइंडिंग केलं, दुसरं हेड मागवलं. हे सगळं चाललं असताना इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमला चॅसिस नंबर कळवला. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या त्यांच्याकडे आहेत आणि त्यावरून ते गाडीचं प्रमाणपत्र देतात. ते आलं. त्यावरचा इंजिन नंबर आणि जिन्याखालच्या ब्लॉकवरचा नंबर एकच होता. तो कागद मी पहिल्यांदा आईला वाचून दाखवला.

त्याच कागदावर मात्र घरात वादाला कारण झालेली एक ओळ होती. रंग, ग्लेशियर ब्लू. आम्हा सगळ्यांच्या लेखी ती लाल गाडी. माझ्या भावाच्या मुंजीच्या वयापासूनच्या फोटोंत लाल, आईच्या आठवणीत लाल. मी बॅटरीच्या झाकणाची खालची बाजू वॉटर पेपरने हलक्या हाताने घासली. लाल गेला, मग राखाडी प्रायमर, आणि त्याखाली फिका, थंड निळा. आई म्हणाली, "लाल हाच आपला रंग, तो तुझ्या वडिलांनी दिला." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं गाडी लाल होती, हाही तिचा इतिहासच. शेवटी मी निळा दिला, पण डिकीत, स्टेपनीच्या मागे, एक वीतभर चौकोन तसाच लाल ठेवला आहे. त्याला पुट्टी नाही, पॉलिश नाही. पुढे कुणी ही गाडी उघडली तर त्यालाही विचारायला काहीतरी राहायला हवं.

पत्र्याचं काम सगळ्यात जिकिरीचं. या गाडीचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, आतला सांगाडा लोखंडाचा. दोन धातू चिकटून असले आणि मध्ये ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. ठाण्याला खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, तेव्हा आमच्या दारांच्या कडा भुगा झाल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमला गॅस वेल्डिंग करणारे हात आता मोजके. आणि फरशी! एमजीएची फरशी मुळात प्लायवूडची असते. कुणीतरी 'मजबूत' म्हणून लोखंडी पत्रा वेल्ड केला होता. त्या पत्र्याखाली पाणी साचून चॅसिसची कड गंजली. आता पुन्हा मरीन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारा प्लायवूड, आहे, कडा वार्निशने बंद केलेल्या, स्क्रूने बसवलेला. पावसाळ्यानंतर काढून वाळवता येतो. कारखान्याने लाकूड घातलं ते उगाच नव्हतं.

मूळ रूपाचा माझा आग्रह मी एके ठिकाणी सोडते, आणि तो कुणीही सोडावा असं मला वाटतं. ब्रेक, टायर आणि पेट्रोलची नळी. ड्रम ब्रेक मूळचेच ठेवले, पण आतले सील, होज, पाइप सगळे नवे. पेट्रोलचंही तसंच. आपल्याकडे २००० साली शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. त्या शिशाने जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटा जपल्या जायच्या. म्हणून नव्या हेडमध्ये कडक धातूच्या सीटा बसवून घेतल्या, बाहेरून काही दिसत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी. जुन्या गाडीवाल्या श्रोत्यांनी हे एवढं तरी कराच.

दोन एसयू (हे त्या बनावटीचं नाव) कार्ब्युरेटर जुळवणं हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. रबराची एक नळी कानाला लावायची, दुसरं टोक आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, मग दुसऱ्याच्या. हवेचा फुत्कार दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकतात. मला अजून दोनदा ऐकावं लागतं.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण पुष्कळ जण विचारतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. अँबॅसेडरचं इंजिन असताना आमची गाडी यात बसवणं अवघड होतं. आता मूळ इंजिन परत बसलं आहे आणि आरसी बुकातला इंजिन नंबर बदलून घेण्याचं काम चालू आहे.

बाजूच्या खिडक्यांचे पडदे अजून व्हायचे आहेत. या गाडीला काचा वर-खाली होत नाहीत, काढ-घाल करायचे पारदर्शक पडदे असतात. आमचे हरवले, डब्यांत फक्त त्यांचे पितळी खिळे सापडले.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, जिन्याखाली, गोठ्यात जुन्या मोटारीचे भाग पडून असतील. एखादा मीटर, हबकॅप, एसयूचा पंप. भंगारवाला वजनावर किंमत लावेल. त्याआधी त्यावरचा नंबर एका कागदावर उतरवा, तो भाग कोणत्या गाडीचा आणि केव्हा काढला हे घरातल्या थोरांना विचारून लिहा, आणि तो कागद त्या भागालाच सुतळीने बांधून ठेवा.

नमस्कार.