चौदा तासांची रात्र

मंडळी, नमस्कार. निवृत्तीनंतर घर विकून आरव्हीत, म्हणजे घरासारख्या सोयी असलेल्या मोठ्या गाडीत, राहायला जायचं आणि हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात काढायचा, असं मनात असलेली बरीच जोडपी इथे बसली आहेत. विचारतात ती ऊन आणि सापांबद्दल. अडवते ती रात्र. डिसेंबरात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाला सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, तो सकाळी साडेसातला उगवतो. चौदा तासांचा अंधार, आणि पहाटे कधीकधी पाणी गोठेल इतकी थंडी.

जागेचं थोडक्यात सांगतो. गावाच्या दक्षिणेला ला पोसा हा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याचा, तळ आहे. परवाना काढला की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे राहता येतं. पाणी भरायची आणि मैलापाणी सोडायची सोय आहे. वीज तुमची तुम्ही बघायची. एरवीच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवसच मुक्काम. कोरड्या ओढ्यात, म्हणजे वॉशमध्ये, गाडी लावू नका. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्या चाकांपर्यंत येतो.

आता वीज. फर्नेस, म्हणजे गाडी गरम ठेवणारी भट्टी, गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर. तो ७-८ अँपिअर ओढतो. थंड रात्री मिळून पाचेक तास फिरला तरी ३५ ते ४० अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात) गेले. १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, आणि त्यातले दिव्यांनी, पंपाने आधीच खाल्लेले असतात. मग पहाटे चारला गंमत होते: पंखा घुमतो, पण फर्नेस पेटत नाही. लोक गॅस संपला समजून कुडकुडत सिलिंडर बदलतात. गॅस असतो. व्होल्टेज पडल्यामुळे पंखा मंद फिरतो, वाऱ्याच्या झोताने दाबली जाणारी सुरक्षेची कळ दाबली जात नाही, म्हणून ठिणगीच पडत नाही. आधी व्होल्टमीटर बघा.

लिथियम बॅटरी जास्त खोलवर वापरता येते. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात न ठेवता गाडीत घ्या. सोलर पॅनेलचं म्हणाल तर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. छपरावर आडव्या पडलेल्या पॅनेलला निम्म्याहून थोडंच जास्त ऊन लागतं. दक्षिणेला तोंड करून ५५-६० अंशांत उभं करा, फरक त्याच दिवशी मीटरवर दिसेल.

शेगडी पेटवून गाडी गरम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाक करताना छताची झडप बोटभर उघडी ठेवा, नाहीतर कुकरची वाफ रात्रभर काचांवरून गाद्यांत उतरते.

आपल्या स्वयंपाकाची आणखी एक खोड आहे. फोडणीचं तेल सांडपाण्याच्या टाकीत गेलं की पातळी मोजणाऱ्या सेन्सरवर थर धरतं, आणि टाकी रिकामी करून आलात तरी काटा भरलेलीच दाखवतो. ताटं, कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. दोघांनी जपून वापरलं तर दिवसाला ८-१० गॅलन पाणी लागतं. ४० गॅलनची टाकी चार-पाच दिवस पुरते. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि मागे घट्ट ढीग साचतो, जो निघता निघत नाही. सोडताना आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

चालायला पहिल्यांदा कोफा अभयारण्यातली पाम कॅन्यन घ्या. क्वार्ट्झसाइटहून दक्षिणेला १८ मैल, मग पूर्वेला ७ मैल कच्चा रस्ता. मोठी आरव्ही तळावर ठेवून छोट्या गाडीने जा. पायवाट अर्धा मैलच आहे, पण चढाची आणि दगडधोंड्यांची. उंच कड्याच्या चिरेत रानटी ताडांचा पुंजका दिसतो, तोही भर दुपारी, कारण एरवी तिथे ऊन पोचतच नाही. कुठेही चालायला गेलात तरी तीनला परत फिरायचं. थंडीत तहान कळत नाही. अर्ध्या दिवसाला माणशी दोन लिटर पाणी न्या आणि ते पिऊन संपवा.

चोया निवडुंगाचा गोळा अंगाला चिकटला तर हाताने ओढू नका, तो हातालाही चिकटतो. खिशात मोठ्या दातांचा कंगवा ठेवा: दात गोळ्याखाली सरकवायचे आणि झटक्यात दूर उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने.

मधुमेह असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इन्सुलिन फ्रिजच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांजवळ ठेवू नका. गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. आणि तिथल्या धुळीतल्या बुरशीने व्हॅली फीव्हर हा फुप्फुसाचा आजार होतो, मधुमेह्यांना तो जास्त जड जातो. परतल्यावर खोकला, ताप आणि थकवा रेंगाळला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘हिवाळाभर ॲरिझोनात होतो.’ नाहीतर साध्या न्यूमोनियाची औषधं चालू राहतात.