फोटोची कड कोण कापतं?

[दृश्य: पडद्यावर एक समूहफोटो. त्यावर हळूहळू कागदाची चौकट उमटते.]

पडद्यावर सगळे दिसतात. मागच्या रांगेतला उंच मुलगा, डाव्या टोकाला उभ्या असलेल्या आजी, पुढे मांडी घालून बसलेली लहान पोरं. हाच फोटो सहा बाय चार इंचांच्या कागदावर छापून हातात येतो, तेव्हा उंच मुलाचं कपाळ गेलेलं असतं आणि पोरांच्या मांड्या कडेबाहेर राहिलेल्या असतात.

प्रिंटर बिघडलेला नाही, कॅमेऱ्याचंही काही चुकलेलं नाही. फोटोच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर एक होतं, कागदाचं दुसरं. कागद पूर्ण भरायचा तर कुठेतरी कापणं भाग होतं. कुठे कापायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून यंत्राने वरून थोडं, खालून तेवढंच, असं कापून टाकलं. यंत्राला चेहरा काय नि भिंत काय, दोन्ही सारखंच.

[दृश्य: सिनेमाच्या फिल्मची पट्टी, कडेची छिद्रं स्पष्ट दिसतील इतकी जवळून.]

ही वेगवेगळी गुणोत्तरं आली कुठून? १८९०च्या दशकात थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर हलती चित्रं टिपत होते. त्या पट्टीवरची सिनेमाची एक चौकट साधारण २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच. म्हणजे चारास तीन. पुढे दूरचित्रवाणीने हेच गुणोत्तर घेतलं, तिच्याकडून ते संगणकाच्या पडद्यावर आलं आणि पडद्यावरून डिजिटल कॅमेऱ्यात. आज बहुतेक मोबाइल फोटो काढतात ते चारास तीनमध्येच.

तीच पट्टी जर्मनीत लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाक यांनी छोट्या कॅमेऱ्यात आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. ३६ बाय २४, तीनास दोन. १९२५ साली हा लायका कॅमेरा लोकांसमोर आला. सहा बाय चार इंचांच्या कागदाचं गुणोत्तरही तेच, तीनास दोन. म्हणजे मोबाइलचा फोटो आणि हा कागद एकाच फिल्मची दोन लेकरं, तरीही एकमेकांत न बसणारी.

दहा बाय आठ इंचांचा कागद आणखी जुन्या वळणाचा. मोठ्या पेटी कॅमेऱ्यात निगेटिव्हच तेवढी असे. कागद तिला भिडवून प्रकाश दिला की त्याच मापाचा फोटो तयार. तिथे पाचास चार.

आणि ए-फोर? त्याचा फोटोशी जन्मतः काही संबंध नाही. मधोमध दुमडला तरी ज्याचं गुणोत्तर बदलत नाही, अशा कागदाविषयी गेओर्ग लिख्टेनबेर्ग या जर्मन वैज्ञानिकाने १७८६ साली एका पत्रात लिहिलं होतं. त्यासाठी लांबी रुंदीच्या १.४१४ पट लागते, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकी. १९२२ साली जर्मनीने हे माप प्रमाण मानलं. २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-फोर त्यातलाच.

[दृश्य: एकाच फोटोवर आळीपाळीने तीन चौकटी. बाहेर राहणारा भाग काळवंडतो.]

आता हिशेब बघा. चारास तीनचा फोटो सहा बाय चारवर पूर्ण भरायचा, तर उंचीतला नववा भाग जातो. तीनास दोनचा फोटो दहा बाय आठवर घेतला, तर लांबीतला सहावा भाग. समूहफोटोत हा सहावा भाग म्हणजे रांगेच्या टोकाचं एखादं माणूस. ए-फोरवर चारास तीनचा फोटो मात्र बराच सुखाने बसतो, जेमतेम सहा टक्के जातात.

म्हणून आधी कागद ठरवा, मग कापा. फोटो सुधारण्याच्या जवळपास प्रत्येक अॅपमध्ये कापण्याची चौकट ठरावीक गुणोत्तराला बांधता येते. ती बांधली की काम उरतं फक्त चौकट सरकवण्याचं, आणि खरं बघणं इथेच सुरू होतं.

फोटो तिरका असेल तर आधी सरळ करा, कारण सरळ करताना कोपरे खर्ची पडतात. मग कडांवरून नजर फिरवा. डोक्यावर थोडी हवा राहू द्या. उभ्या माणसाला गुडघ्यात किंवा घोट्यात कापलं तर पाय तुटल्यासारखा वाटतो. त्याऐवजी मांडीच्या मध्यावर किंवा कमरेशी कापा, डोळ्याला खटकत नाही. माणूस डावीकडे बघत असेल तर डावीकडची जागा जपा, उजवीकडची जाऊ द्या. दोन्ही बाजूंनी समान कापायलाच हवं, असा कुठलाही नियम नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये: फोटो ताणून बसवणं. एकच बाजू ओढली की कागद भरतो, पण चेहरा फुगतो किंवा लांबुळका होतो. ज्याचा फोटो आहे त्याच्यावर हा अन्याय आहे.

[दृश्य: डोळ्याचा क्लोजअप, मग मोठा होत जाणारा फोटो. शेवटी पिक्सेलचे चौकोन.]

फोटो कागदाला पुरेल का, हे पिक्सेल सांगतात, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, आणि त्याला कारण आहे. पंचवीस सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.०७ मिलिमीटरचा फरक कळतो. त्याहून बारीक तपशील एकमेकांत मिसळतात. म्हणून सहा बाय चारला १८०० बाय १२०० पिक्सेल भरपूर झाले. ए-फोरला सुमारे ३५०८ बाय २४८० लागतात. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० बाय ३००० असतात, तेव्हा कापूनही ए-फोर निघतो. पण त्याच फोटोतला एक चेहरा कापून काढून ए-फोरवर छापायला गेलात, तर पिक्सेल कमी पडणारच. भिंतीवर लावून लांबून बघायचा असेल तर इंचाला दीडशेही चालतात.

फाइलच्या माहितीत इंचाला ७२ पिक्सेल असा आकडा दिसला तर घाबरू नका. ती नुसती नोंद आहे, पिक्सेल तेवढेच राहतात. खरी काळजी करावी ती निरोपांच्या अॅपवरून आलेल्या फोटोची. तिथे तो वाटेतच लहान केलेला असू शकतो. शक्य असेल तर मूळ फाइल मागून घ्या. संगणकाने पिक्सेल वाढवले, तर ते शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. हरवलेली पापणी त्यातून परत येत नाही.

कापलेला फोटो नव्या नावाने साठवा, मूळ फोटो तसाच राहू द्या. उद्या दुसऱ्या मापाचा कागद लागेलच.

[दृश्य: छपाईच्या सेटिंगची खिडकी.]

छापण्याआधी कागदाचं माप तिथेही नीट निवडा. ‘पान भरा’ म्हटलं की प्रिंटर कापतो, ‘पानात बसवा’ म्हटलं की तो पांढरी पट्टी सोडतो. आणि बिनकाठाची छपाई निवडली, तर कागद कडेपर्यंत रंगावा म्हणून फोटो किंचित मोठा केला जातो आणि चारही बाजूंनी थोडा बाहेर जातो. कडेला टेकलेला हात किंवा तारीख असेल तर ती इथे जाते. तेवढी मोकळीक कापतानाच ठेवा.

आणि कापण्यासारखं काही नसेलच तर? कडेपर्यंत माणसं असतील, तर कापू नका. चारास तीनचा फोटो सहा बाय चारच्या कागदावर पूर्ण घेतला, तर दोन्ही बाजूंना साडेआठ मिलिमीटरची पांढरी पट्टी उरते. मला ती कधीच उणीव वाटत नाही. नकोच असेल तर पोलादी मोजपट्टी धरून ती कटरने छाटा, पण तेही फोटो पूर्ण वाळल्यावर.